ऐतिहासिक सिनेमा बघताना: पडद्यावरची लढाई आणि खरी लढाई



डाळज हे पुणे-सोलापूर हायवेवरचं गाव. एका बाजूला रस्त्याची वर्दळ, दुसऱ्या बाजूला उजनीचं पाणी. सिनेमा बघायला आता कुणाला शहरात जावं लागत नाही, तो मोबाईलवर येतो. ऊस तोडून आलेला मुलगाही बघतो, दहावीची पोरगीही बघते आणि चटईवर बसलेली दादीही बघते. ऐतिहासिक सिनेमा आला की दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचीच चर्चा असते. मुलं बाकावर पट्टीच्या तलवारी करतात. त्यात काही वाईट नाही. आम्हीही लहानपणी तेच केलं.

पण मागे इयत्ता सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तेव्हा आपण कुणाच्या बाजूनं होतो?"

"आपण म्हणजे कोण रे?" आम्ही विचारलं.

"आपण म्हणजे... आपण मुसलमान."

वर्गात कुणीतरी त्याला "तुमचा औरंगजेब" असं म्हणालं होतं. बोलणारा त्याचा मित्रच होता. दोघं एकाच डब्यातून खातात. त्याने चिडून म्हटलं नव्हतं, सिनेमात जसं दाखवलं तसंच तो बोलला होता. आमच्या विद्यार्थ्याला राग आला नव्हता, त्याला प्रश्न पडला होता. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आपल्या पुष्कळ घरांत मुलं हा प्रश्न मनात ठेवून झोपतात आणि आई-वडिलांना विचारत नाहीत.

भीमेच्या काठी काय घडलं?

सुरुवात आपल्या नदीपासून करू. भीमा, भामा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर तुळापूर आहे. ११ मार्च १६८९ रोजी याच तुळापूर-वढू परिसरात औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांना हालहाल करून ठार मारलं. त्याआधी त्यांना कैद करून पेडगावच्या बहादूरगडावर आणलं होतं. पेडगावही भीमेकाठीच. तिथून पाणी खाली येतं ते आपल्या उजनीत. आणखी खाली, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षं होती. म्हणजे हा इतिहास दूर दिल्लीचा नाही, आपल्या नदीच्या काठचा आहे.

संभाजी महाराजांचा छळ झाला, ही गोष्ट खरी आहे. ती क्रूर होती. हे म्हणायला मुसलमानाने अडखळायचं काही कारण नाही. ज्याने तख्तासाठी स्वतःच्या बापाला कैदेत ठेवलं, सख्ख्या भावांना मारलं, १६८६ साली विजापूरची आणि १६८७ साली गोवळकोंड्याची मुसलमान राज्यं बुडवली, त्या बादशहाची वकिली आपल्याकडे कुणी सोपवलेली नाही. त्याचाच मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ साली दक्षिणेत आला, तो आश्रयाला कुणाकडे आला? संभाजी महाराजांकडेच.

आता इंदापूर घ्या. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. ते कुणाचे सरदार होते? अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) निजामशाहीचे. त्यांच्या दोन मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या वलींच्या नावावरून ठेवली, असं परंपरा सांगते. आमच्या तालुक्यातल्या मुलांना सिनेमातल्या दहा सरदारांची नावं पाठ आहेत, पण ही गोष्ट माहीत नसते.

जिच्यावर सिनेमा निघाला नाही अशी लढाई

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि विजापूरची आदिलशाही, दोघांची मिळून फौज. दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. हा माणूस हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि आपल्या अकलेवर वजीर झालेला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले, शरीफजी लढले. मलिक अंबरने तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं, असं सांगतात. उजनीकाठच्या माणसाला पाण्याची ताकद वेगळी सांगायला नको. मलिक अंबर जिंकला. शरीफजी तिथेच कामी आले.

या लढाईत हिंदू कुठे आणि मुसलमान कुठे? दोन्हीकडे दोन्ही. मग सिनेमावाल्याने भगवा कुणाला द्यायचा आणि हिरवा कुणाला? इथेच सिनेमाची अडचण सुरू होते.

पडद्यावर लढाई कशी तयार होते

सिनेमाला अडीच तासांत गोष्ट संपवायची असते. समोरच्या गर्दीत आपला कोण आणि शत्रू कोण, हे प्रेक्षकाला एका क्षणात कळायला हवं. म्हणून काही ठरलेल्या युक्त्या असतात. त्या एकदा कळल्या की मुलांनाही ओळखता येतात.

पहिली युक्ती रंगाची. नायकाकडे ऊन, दिवे, उजेड. शत्रूच्या दरबारात काळोख, काळे कपडे, डोळ्यांत काजळ. खऱ्या मोगल दरबाराची चित्रं बघा. ती रंगीबेरंगी, फुलांनी भरलेली असतात.

दुसरी युक्ती जेवणाची. नायक आईच्या हातची भाकरी खातो, शत्रू मांसाचे लचके तोडतो. २०२० च्या 'तान्हाजी'मध्ये उदयभानला मगर भाजून खाताना दाखवलं आहे. खरा उदयभान राठोड हा राजपूत होता, मोगलांचा किल्लेदार. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो कोंढाण्यावर लढताना पडला, तानाजी मालुसरेही पडले. सिनेमातली ती अवाढव्य तोफ मात्र लेखकाच्या डोक्यातून आलेली आहे. उदयभान झालेल्या सैफ अली खानने स्वतः नंतर एका मुलाखतीत हा इतिहास आहे असं वाटत नाही, असं सांगितलं. पण मुलाखत किती जणांनी बघितली आणि सिनेमा किती जणांनी?

तिसरी युक्ती द्वंद्वाची. हजारो माणसांची लढाई शेवटी दोघांच्या कुस्तीवर येते. खऱ्या लढाया बहुतेक वेळा धान्य, वैरण, पाणी, पगार आणि पाऊस यांवर ठरायच्या.

चौथी युक्ती भाषेची. तिच्याबद्दल पुढे बोलू, कारण उर्दू जाणणाऱ्या आपल्या घरांना ती लगेच पकडता येईल.

'छावा'चं उदाहरण

१४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' आला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, संभाजी महाराजांच्या भूमिकेत विकी कौशल, औरंगजेब अक्षय खन्ना. हा सिनेमा शिवाजी सावंत यांच्या 'छावा' या कादंबरीवर आधारलेला आहे. इथे थोडं थांबा. घटना घडली १६८९ मध्ये. तिच्यावर बखरी लिहिल्या गेल्या. मग कादंबरी झाली. कादंबरीवर पटकथा झाली. पटकथेवर सिनेमा झाला. प्रत्येक पायरीवर लिहिणाऱ्याने आपलं काहीतरी घातलं. कादंबरीकाराचा तो हक्कच आहे. पण शेवटच्या पायरीवर उभा असलेला प्रेक्षक समजतो की आपण पहिली पायरी बघतोय.

हे किती खरं समजलं जातं त्याचा नमुना बघा. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणू लागले. कशासाठी? सिनेमात बुऱ्हाणपूरची लूट दाखवली होती, म्हणून मोगलांची सोन्याची नाणी सापडतील या आशेने. या बातमीवर आम्ही हसलो.

पण त्याच महिन्यात, १७ मार्चला, नागपुरात दंगल झाली. औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा म्हणून आंदोलन झालं होतं, अफवा पसरल्या, दगडफेक आणि जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत दंगल पूर्वनियोजित दिसते असं सांगितलं. 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना भडकल्या, असंही ते म्हणाले. तेव्हा हसू थांबलं. सिनेमा दंगल करत नाही, माणसं करतात. पण वाळलेल्या पाचटात काडी कुठून आली, हा प्रश्न उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला कळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. प्रदर्शनाआधी संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून आक्षेप आला, ते दृश्य काढलं गेलं. फितुरीच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. २०१९ च्या 'पानिपत'मध्ये महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावर राजस्थानात जाट समाज नाराज झाला, तेव्हा सिनेमाला कात्री लागली. म्हणजे पडद्यावरचा इतिहास बोलल्यावर बदलतो, दगडावरच्या रेघेसारखा तो पक्का नसतो. आपण बंदी मागावी असं आम्ही म्हणत नाही. बंदीने सिनेमा जास्तच चालतो. आपण सभ्यपणे, पुराव्यासह बोलायला शिकलं पाहिजे, एवढंच.

पानिपतात कोण कुणाकडे होतं

१४ जानेवारी १७६१. हा दिवस महाराष्ट्रात आजही बोलीभाषेत जिवंत आहे. कुणाचं मोठं नुकसान झालं की "पानिपत झालं" म्हणतो. पडद्यावर ही लढाई म्हणजे मराठे विरुद्ध अब्दाली.

कागदावर काय दिसतं? मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ होतं इब्राहिमखान गारद्याकडे. तो फ्रेंच पद्धतीची लढाई शिकलेला, आधी निजामाच्या चाकरीत होता, मग पेशव्यांकडे आला. समोरचे बादशहा, नवाब त्याच्याच धर्माचे होते. त्याने सदाशिवरावभाऊंची बाजू सोडली नाही. त्याची पलटण शेवटपर्यंत लढली, तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. 'पानिपत' सिनेमात त्याचं पात्र आहे आणि ते इमानी दाखवलं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आता दुसरी बाजू. अब्दालीच्या बाजूला अवधचा नवाब शुजाउद्दौला होता आणि शुजाच्या फौजेत अनूपगिरी गोसावी आपल्या नागा साधूंसह होता. शुजाच्याच चाकरीत काशीराज पंडित होता. त्याने या लढाईची हकीकत फारसीत लिहून ठेवली, ती आजही अभ्यासक वापरतात. विश्वासरावांच्या पार्थिवाला अग्निसंस्कार मिळावा म्हणून शुजाने खटपट केली.

मग मराठे हरले का? एक मोठं कारण भूक. अब्दालीने रसद तोडली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बाया-मुलं, यात्रेकरू होते. आठवडेच्या आठवडे दाणापाणी मिळेना, जनावरं मेली. लढायला निघाले ते उपाशी पोटी निघाले. पण भूक पडद्यावर दिसायला वेळ लागतो, तलवार लगेच दिसते. म्हणून सिनेमात तलवार जास्त असते. त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' हे पुस्तक वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. रसद, हिशेब, पत्रं यांतून लढाई कशी उलगडते ते कळेल.

नावातच बघा

आता ती भाषेची युक्ती. नव्या सिनेमांत नायकाची बाजू शुद्ध, संस्कृत वळणाची मराठी बोलते आणि शत्रूची बाजू जड उर्दू. ऐकणाऱ्याला वाटतं, उर्दू-फारसी ही शत्रूची भाषा.

पण शिवकाळावरच्या दोन गाजलेल्या मराठी सिनेमांची नावं घ्या. 'फर्जंद' (२०१८) आणि 'फत्तेशिकस्त' (२०१९). घरात जो उर्दू वाचतो त्याला विचारा. फर्जंद म्हणजे मुलगा, फारसी शब्द. कोंडाजी फर्जंद यांनी १६७३ साली मोजक्या माणसांसह पन्हाळा घेतला. फत्ते म्हणजे फतह, विजय. शिकस्त म्हणजे हार. शिलेदार म्हणजे सिलाहदार, हत्यारबंद. सरनौबत, हवालदार, जमादार, किल्लेदार, फौज, सगळे शब्द तिकडचेच. मराठी मावळा हेच शब्द बोलत होता.

दुसरी बाजूही सांगू. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हे खरं आहे आणि तो त्यांचा राजा म्हणून विचार होता. पण कोश करावा लागला, याचा अर्थच असा की फारसी शब्द घराघरात मुरले होते. ते आजही मुरलेले आहेत. ज्या तहसील कचेरीत आपण दाखला काढायला जातो, तिथे तहसील आणि दाखला हे दोन्ही शब्द बघा.

आपल्या बाजूचा सिनेमाही तसाच

इथवर वाचून काही बांधव माना हलवत असतील. आता थोडं आपल्याकडे बघू.

लॉकडाऊनच्या रमजानमध्ये 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका उर्दू डबिंगमध्ये आपल्या घराघरात बघितली गेली. मुलांनी टोप्या घातल्या, लाकडी कुऱ्हाडी केल्या. आम्हीही बघितली आणि आवडलीही. पण खऱ्या एर्तुग्रुलबद्दल इतिहासाला फारच थोडं माहीत आहे. उस्मानी घराण्याच्या संस्थापकाचा तो बाप, एवढं जवळपास नक्की. बाकी पाच हंगामांची गोष्ट लेखकांनी रचली. त्यातले ख्रिस्ती सरदार कसे दाखवलेत? कपटी, काळोख्या तळघरात बसलेले, विष कालवणारे. हीच रंगाची युक्ती. आपल्याला ती खटकली नाही, कारण या वेळी उजेड आपल्या बाजूला होता.

आणि व्हॉट्सअ‍ॅप? 'शिवरायांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान', 'अंगरक्षक इतके मुसलमान' असे आकडे दर शिवजयंतीला फिरतात. कागद विचारला तर कुणाकडे नसतो. आग्र्याहून सुटकेतल्या मदारी मेहतरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात. चुकीच्या आकड्याने बाजू मांडली की समोरचा एक आकडा खोडतो आणि आपली खरी गोष्टही खोटी ठरते.

खऱ्या गोष्टी कमी आहेत का? १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह धावले. मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. वेढा घालणारा सिद्दी, फोडायला जाणाराही सिद्दी. आरमारात दौलतखान होता. फारसी पत्रव्यवहार पाहणारा काझी हैदर होता, आणि तो पुढे मोगलांकडे गेला, हेही तितकंच खरं. तसे मराठे सरदारही इकडून तिकडे गेले. १६६५ साली पुरंदरच्या तहाला महाराजांसमोर औरंगजेबाच्या वतीने बसलेला सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता.

आणि सगळ्यात मोठा दाखला शत्रूच्या कलमाचा. मोगलांचा इतिहासकार खाफीखान शिवाजी महाराजांना शिव्या देतो. पण तोच लिहितो की मशिदीला, कुरआनला आणि बायाबापड्यांना हात लावायचा नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. शत्रूने दिलेली ही साक्ष शंभर फॉरवर्डपेक्षा वजनदार आहे.

घरात काय करावं

सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची शहानिशा करायला सांगितलं आहे, आणि सूरह अल-माइदामध्ये कुणाचं वैर असलं तरी इन्साफ सोडू नका असं शिकवलं आहे. सिनेमालाही हेच लावू. मुलांना बघू नका म्हणायची गरज नाही, ती चोरून बघतील. बरोबर बसून बघा आणि नंतर जेवताना पाच प्रश्न विचारा:

१. सुरुवातीला बारीक अक्षरांत काय सूचना आली होती? ती थांबवून वाचा.

२. ही गोष्ट कागदावरून घेतली की कादंबरीवरून?

३. दोन्ही फौजांत कोण कोण होतं? निदान एक नाव असं शोधा जे सिनेमाने दाखवलं नाही.

४. ही माणसं कशासाठी लढत होती? वतन, महसूल, किल्ला, सूड, राज्य, की धर्म?

५. शत्रूला वाईट दाखवायला कोणता रंग, कोणतं जेवण, कोणतं संगीत वापरलं?

वयात आलेल्या मुलांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. सिनेमाचा राग म्हणून औरंगजेबाचं स्टेटस ठेवायचं नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या अशाच स्टेटसवरून अख्खं शहर पेटलं. दुकानं फुटली ती ज्यांनी स्टेटस ठेवलंच नव्हतं त्यांची. जो बादशहा आपला नातलग नाही, त्याच्यासाठी आपल्या शेजाऱ्याशी वैर कशाला? आणि कुणी "तुमचा औरंगजेब" म्हणालाच, तर भांडण नको. "माझा नाही, पण बस, तुला भातवडीची गोष्ट सांगतो," म्हणायला शिकवा.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही त्या दिवशी फळ्यावर दोन रकाने काढायला लावले. एकीकडे मलिक अंबर, शहाजी, शरीफजी. दुसरीकडे मोगल आणि आदिलशाही. त्याला म्हटलं, आता यात आपण कुठे ते दाखव. त्याने खडू हातात धरून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "सर, हे असं विचारताच येत नाही ना?"

त्याचा मित्र मागेच उभा होता. तो म्हणाला, "सर, शरीफजी नाव तर मुसलमानी वाटतंय."

"ते शिवाजी महाराजांचे चुलते," आम्ही सांगितलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. घंटा झाली. जाताना मित्राने त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. अल्लाह आपल्या मुलांना खरं शोधायची आणि खरं बोलायची तौफीक देवो. आमीन.